पैसा-अडका आणि अडकलेला पैसा

या वेळी आलेल्या मेल आणि चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावरच्या आहेत, बँकेवर निर्बंध (म्हणजे रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर घातलेली मर्यादा) आले तर किंवा आलेत तर काय करायचं, त्यामुळे बाकीचे प्रश्न (म्युच्युअल फंडवाले, रागावू नका) पुढच्या अंकात घेतो. मी तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय आणि रिटायर झाल्यापासून बाहेरच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडं थोडं कळतं, एवढंच भांडवल.

प्रश्न : काका, मी ६३ वर्षांची, मिस्टर ६७. दोघांनाही पेन्शन नाही. आमचे सगळे मिळून २७ लाख स्टेशनजवळच्या एका सहकारी बँकेत आहेत, २५ एफडीत आणि २ सेव्हिंगला. दोन शाखांत विभागून ठेवलेत म्हणजे विमा डबल मिळतो असं मिस्टर म्हणतात. गेल्या महिन्यात आमच्या शेजारणीच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आता व्हॉट्सॅपवर फिरतंय की पुढचा नंबर आमच्या बँकेचा. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो की सगळं मोडा आणि स्टेट बँकेत टाका. मिस्टर म्हणतात इथे पाऊण टक्का जास्त मिळतो आणि मॅनेजर ओळखीचे आहेत, काही असलं तर आधी सांगतील. मला रात्री झोप लागत नाही. — एक वाचक, डोंबिवली

ताई, आधी तो मेसेज डिलीट करा आणि ज्या ग्रुपवर आला तिथे पुढे पाठवू नका. कोणावर खरंच निर्बंध आलेत हे रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर प्रेस रिलीजमध्ये असतं, ते मुलाला फोनवर बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. अफवेमुळे धडधाकट बँकेसमोरही रांग लागू शकते.

आता मिस्टरांचे दोन मुद्दे. दोन शाखांचा विमा डबल होत नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखांमधली, एकाच नावावरची सगळी खाती, सेव्हिंग, करंट, एफडी, रिकरिंग, सगळं एकत्र मोजतात आणि मुद्दल अधिक व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा. म्हणजे ५ लाखांची एफडी आणि वर ३० हजार व्याज साठलं असेल तर ते ३० हजार विम्याच्या बाहेर. म्हणून मी लोकांना साडेचार सांगतो, पाच नाही. मात्र 'तुम्ही एकट्या', 'मिस्टर एकटे', 'तुम्ही आणि मिस्टर' आणि नावांचा क्रम उलटा करून 'मिस्टर आणि तुम्ही' ही चार वेगळी खाती धरली जातात, प्रत्येकाला आपापले ५ लाख. तेव्हा पावत्या कपाटातून काढा आणि प्रत्येकीवर पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. नव्वद टक्के घरांत सगळ्यांवर मिस्टरांचंच पहिलं असतं हे मी पैजेवर सांगतो.

हा विमा आला कुठून ते सांगतो, कारण त्यात आपल्याकडचीच एक बँक आहे. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक, दोन्ही बुडाल्या, त्यातून १९६२ च्या १ जानेवारीला ठेव विमा महामंडळ सुरू झालं, तेव्हा विमा होता १,५०० रुपयांचा. मे १९९३ मध्ये तो १ लाख झाला आणि मग २७ वर्षं तिथंच अडकून बसला. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांनी रस्त्यावर बसून गळा सुकवला त्यानंतर, ४ फेब्रुवारी २०२० ला, ५ लाख झाला.

पीएमसीचं नाव घेतलंच आहे तर ओळखीच्या मॅनेजरचं पण बोलू. २४ सप्टेंबर २०१९ ला सकाळी त्या बँकेच्या लोकांना कळलं की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. हजार! (दोन दिवसांत ते १० हजार केले आणि पुढे वाढवत नेले, पण पहिला आकडा लोक विसरलेले नाहीत.) त्या बँकेच्या १३७ शाखा होत्या, आणि मार्च २०१९ च्या ताळेबंदात ढोबळ एनपीए (थकलेली कर्जं) ३.७६ टक्के आणि निव्वळ २.१९ टक्के छापलं होतं, म्हणजे पेपरात बघून कोणीही म्हणालं असतं की वा, चांगली आहे की. आत काय होतं, तर एकाच बिल्डर ग्रुपला, एचडीआयएलला, सुमारे साडेसहा हजार कोटींचं कर्ज, एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांच्या वर, आणि ते लपवायला २१ हजारांवर खोटी खाती. हे वरच्या तीनचार माणसांना माहीत होतं. शाखेतल्या मॅनेजरला कुठलं असायला, त्याचाही पगार त्याच बँकेत जमा होत होता हो. मी स्वतः काउंटरला असताना ग्राहकांना छातीठोक सांगायचो की आपली बँक मजबूत आहे, आणि मला शेजारच्या शाखेत काय चाललंय ते ठाऊक नसायचं. ओळखीचा मॅनेजर पासबुक लवकर भरून देतो, तेवढंच.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. लोक विचारतात पैसे बुडतील का. मी म्हणतो आधी विचारा, अडकले तर काय करणार? बुडणं क्वचित होतं, अडकणं जास्त वेळा होतं.

आमच्या आत्याचं सांगतो. वय ७८, एकटी राहते. तिचं सगळं गल्लीच्या तोंडावरच्या एका छोट्या बँकेत, फॅमिली पेन्शन तिथेच जमा, लाइट बिल तिथूनच कटणार, एफडी तिथेच, मेंटेनन्सचे चेक त्याच खात्याचे. पासबुक आणि पावत्या एका दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर बँड, ती पिशवी गादीखाली. एकूण ३ लाख ८० हजार. बँकेवर निर्बंध आले, सहा महिन्यांत ५ हजार काढता येतील असं बोर्डावर लागलं. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की आत्या, तुझे सगळे विम्यात आहेत, एक रुपया जाणार नाही, आणि खरंच गेला नाही, जवळपास चार महिन्यांनी सगळे दुसऱ्या खात्यात आले. पण त्या चार महिन्यांत पेन्शन पण त्याच खात्यात जाऊन अडकत होती, ते खातं बदलायला दोन महिने गेले, मेंटेनन्सचा चेक परत आला म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात थांबवून विचारलं, आणि एक दिवस तिने मला फोन केला की बीपीच्या गोळ्या आणायच्यात, दोन हजार देशील का, लिहून ठेव. लिहून ठेव म्हणाली! ज्या बाईने मला कॉलेजच्या फीला पैसे दिले होते. विमा महामंडळाच्या हिशोबात आत्याचं नुकसान शून्य.

म्हणून ताई, कुठली बँक हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कुठला पैसा कधी लागणार. तुमच्या २७ लाखांचे मनातल्या मनात तीन ढीग करा.

पहिला, सहा ते आठ महिन्यांचा घरखर्च आणि दवाखाना. हा स्टेट बँक किंवा एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि बिलं, गॅस सबसिडी, मेडिक्लेमचा हप्ता सगळं तिथून जोडा. यातलेच तीसचाळीस हजार तिसऱ्याच कुठल्या तरी बँकेत, वेगळं एटीएम कार्ड. कार्ड वर्षातून दोनदा वापरा नाहीतर बंद पडतं. आता तुम्ही विचाराल की स्टेट बँकेत पण विमा ५ लाखच ना. हो, तेवढाच. पण स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिघी रिझर्व्ह बँकेच्या यादीत 'बुडू देणं परवडणार नाही' अशा वर्गात आहेत, आणि व्यापारी (म्हणजे सहकारी नसलेली) बँक अडचणीत आली की सरकार आणि रिझर्व्ह बँक धावून जाते असा अनुभव आहे. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला ५० हजारांची मर्यादा आली आणि १८ मार्चला उठली. तेरा दिवस. लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर २०२० मध्ये दहा दिवसांत डीबीएस बँकेत विलीन झाली. तुलनेला पुण्याची रुपी बँक घ्या, १९१२ सालची जुनी बँक, निर्बंध फेब्रुवारी २०१३ मध्ये आले आणि परवाना रद्द झाला २०२२ ला. साडेनऊ वर्षं. तेव्हा नियम वेगळे होते, विमा परवाना रद्द झाल्यावरच मिळायचा. सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला, निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे, हा फार मोठा फरक आहे आणि पीएमसीवाल्या लोकांनी तो आपल्या सगळ्यांसाठी मिळवून दिला असं मी मानतो.

दुसरा ढीग, दर तीन महिन्यांनी व्याज हातात यावं असा. तुमच्या दोघांचं वय साठच्या वर, त्यामुळे पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम, प्रत्येकी ३० लाखांपर्यंत घेता येते, याला थेट सरकारची हमी, ५ लाखांचा प्रश्नच येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये व्याज ८.२ टक्के झालं. दर तिमाहीला सरकार नव्या खात्यांचा दर ठरवतं, पण तुम्ही ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशीचा दर तुम्हाला पाचही वर्षं. ८.२ ने १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० रुपये येतात. मधेच मोडलं तर एक वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का मुद्दलातून कापतात, म्हणून पहिल्या ढिगातला पैसा इथे घालू नका. पोस्टात रांग असते, सर्व्हर डाउन असतो, काउंटरवरची बाई जेवायला गेलेली असते, हे सगळं मान्य. हीच स्कीम सरकारी बँकेतही उघडता येते.

तिसरा ढीग, तुमच्या जुन्या बँकेत राहू दे. हो, राहू दे. मी सहकारी बँकेच्या विरोधात नाही, ज्यांना मोठ्या बँकेने उंबऱ्यावरून हाकललं अशा दुकानदारांना आणि रिक्षावाल्यांना याच बँकांनी कर्जं दिली. तुमच्या एकटीच्या नावावर साडेचार, मिस्टरांच्या नावावर साडेचार, एवढं ठेवा. आणि आहेत त्या एफडी उद्या सकाळी जाऊन मोडू नका, ज्या दोनचार महिन्यांत मॅच्युअर होतायत त्या तशा हलवा. वर्षाच्या वर बाकी असेल आणि रक्कम विम्याच्या बाहेर असेल तर मात्र दंड भरून मोडा. पाऊण टक्का म्हणजे किती ते मिस्टरांना सांगा, १० लाखांवर वर्षाला साडेसात हजार, महिन्याला ६२५ रुपये.

एक राहिलं. मोठ्या बँकेत १० लाखांचा चेक घेऊन गेलात की टाय लावलेला एक मुलगा खुर्ची देईल, पाणी देईल आणि म्हणेल आंटी, एफडीपेक्षा चांगलं आहे आपल्याकडे. येस बँकेच्या वेळी ठेवीदारांचा पैसा सुटला, पण 'एटी-१' नावाचे बाँड अनेकांना एफडीसारखेच म्हणून विकले होते, ते सुमारे ८,४०० कोटींचे बाँड शून्य करून टाकले, प्रकरण कोर्टात गेलं. पाणी प्या, एफडी करा, घरी या.

प्रश्न : सर, माझे ८ लाख ४० हजार एफडीत अडकलेत, बँकेवर निर्बंध येऊन तीन आठवडे झाले. त्याच बँकेचं माझं १ लाख १० हजार कर्ज आहे. बँकेत कोणी नीट बोलत नाही. काय करू? — एक वाचक, सांगली

दादा, तिथले लोकही घाबरलेले असतात, त्यांची नोकरी जाणार असते, त्यामुळे भांडून काही निघत नाही. तीन कामं करा. एक, केवायसी अपडेट आहे का बघा, पॅन आणि आधार, नावाचं स्पेलिंग पावतीवर आणि आधारवर एकच पाहिजे. दोन, विम्याचे पैसे हवेत असं संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचे डिटेल्स लेखी द्या, पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. बँकेला ४५ दिवसांत यादी द्यायची असते, पुढे महामंडळ तपासतं आणि ९० व्या दिवसापर्यंत पैसे देतं, ज्यांचे कागद अपुरे ते मागे राहतात. तीन, त्या खात्यातून जाणारे हप्ते, एसआयपी, विजेचं बिल आजच दुसरीकडे फिरवा, नाहीतर प्रत्येक बाउन्सला वेगळा दंड.

कर्जाचं घाबरू नका, उलट ते तुमच्या बाजूने आहे. आधी ठेवीतून कर्ज वजा होतं आणि मग ५ लाखांची मर्यादा लागते. म्हणजे ८.४० मधून १.१० गेले, राहिले ७.३० (व्याज सोडून धरलंय), त्यातले ५ विम्यातून. उरले २.३०, त्यांचं काय होणार ते बँकेचं काय होतं त्यावर. विलीन झाली तर चांगलं. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, १२२ कोटींच्या अफरातफरीचा आरोप, सुरुवातीला एक पैसा काढता येत नव्हता, नंतर २५ हजार, आणि ४ ऑगस्ट २०२५ ला ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी बँकेत गेली, पण तिथे ५ लाखांच्या वरचे पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत, असं ठरलं. आणि परवानाच रद्द झाला तर लिक्विडेटर (बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) वसुली करेल तसं, त्या २.३० लाखांवर मुलीचं लग्न ठरवू नका एवढंच सांगतो. घरात कोणाचं ऑपरेशन वगैरे असेल तर बँकेवर नेमलेल्या प्रशासकाकडे कागदांसकट अर्ज करा, पीएमसीत वैद्यकीय कारणासाठी १ लाखापर्यंत काढू दिले होते.

प्रश्न : आमच्या १२० फ्लॅटच्या सोसायटीचा सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड मिळून ४३ लाख एकाच बँकेत आहेत. प्रत्येक फ्लॅटमागे ५ लाख विमा धरता येईल का? — सेक्रेटरी, ठाणे

नाही हो साहेब. सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, १२० घरं असोत की १२, विमा ५ लाख. तुमचे ३८ उघड्यावर आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७० मुळे सोसायटीला कुठेही पैसे ठेवता येत नाहीत हे खरं, पण त्या चौकटीतही एकापेक्षा जास्त बँका बसतात, तुमच्या ऑडिटरला आणि उपनिबंधक कार्यालयात लेखी विचारा आणि जनरल बॉडीत ठराव करून विभागा. ठराव नक्की करा. उद्या काही झालं तर "तुम्हीच ठेवले होते ना" म्हणून लिफ्टमध्ये तुम्हालाच धरतील, कमिटीतल्या बाकीच्यांना तेव्हा काहीच आठवणार नाही.

प्रश्न : गावातल्या मल्टीस्टेट पतसंस्थेत १२ टक्के मिळतात. बँका बुडतायत तर तिथेच ठेवलेले बरे नाहीत का? ऑफिस एकदम एसी आहे. — एक वाचक, बीड जिल्हा

बीडमधून हे विचारताय? ज्ञानराधा मल्टीस्टेट पतसंस्थेच्या दारात बसलेले लोक तुम्ही बघितले असतीलच, त्याआधी जळगावच्या रायसोनी पतसंस्थेचं झालं. पतसंस्था ही बँक नाही, मल्टीस्टेट असो की साधी, तिला ठेव विम्याचं संरक्षण नाही, म्हणजे ५ लाख सोडा, ५ रुपयेही नाही. खऱ्या बँकेच्या वेबसाइटवर विमा महामंडळाचा लोगो आणि क्यूआर कोड असतो, आणि महामंडळाच्या साइटवर विमाधारक बँकांची यादी असते, त्यात नाव नसेल तर पुढचं बोलणं थांबवा. सगळ्या पतसंस्था वाईट असं नाही, काही पिढ्यान् पिढ्या चोख चालल्यात, पण जेवढे गेले तर घरात चूल बंद होणार नाही तेवढेच तिथे. एसी कोणाच्या पैशातून लागलाय तेही विचारा एकदा.

प्रश्न : मग घरीच किंवा लॉकरमध्ये कॅश ठेवली तर? — एक वाचक, पणजी

घरात महिन्याभराच्या किराण्याएवढी असू दे, बाकी नको, चोर आणि वाळवी दोघंही व्याज देत नाहीत. लॉकरच्या करारात कॅश ठेवायची नाही असं सरळ लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही ते सोडा. चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच माणसाने हात मारला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट, म्हणजे भाडं २ हजार असेल तर २ लाख, आत कितीही असलं तरी. सोनं ठेवा, कागद ठेवा. न्यू इंडियाच्या वेळी लॉकर उघडू देत होते, टोकन घेऊन.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना खाते नंबर लिहू नका प्लीज, मला लागत नाही. या महिन्यात तिघांनी लिहिलाय, आणि नाशिकच्या एका आजोबांनी तर एटीएमचा पिनसुद्धा. आजोबा, तो आजच बदला.